ऐकू न येणारे वाद्य

गेल्या दिवाळीत पुण्याला मुलाकडे गेलो होतो. दुपारचे जेवण झाल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून नातवाच्या खोलीत शिरलो, तर जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही! एका काळ्या फळीवर सात-आठ लोखंडी डब्या ओळीने बसवलेल्या, प्रत्येकीवर दोन-तीन गोल खुंट्या आणि एक बटण, आणि एकीतून निघून दुसरीत शिरलेल्या वायरी. मला वाटले, इंजिनियरिंग कॉलेजचा काही प्रयोग असेल.

"आजोबा, त्याच्यावर पाय देऊ नका हं," नातू म्हणाला आणि लगेच स्वतःच हसला. "म्हणजे द्यायचा असतो पायच, पण तो मी."

तर ही त्याची 'पेडल्स'. नातू कॉलेजातल्या मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांचे, लांब मानेचे वाद्य. त्याचा आवाज वायरीतून या डब्यांमध्ये जातो, तिथे त्याच्यावर काहीबाही संस्कार होतात आणि मग तो स्पीकरमधून बाहेर पडतो. हात तारांवर गुंतलेले, म्हणून डब्या पायाने चालू-बंद करायच्या. वामकुक्षी राहिली बाजूला, आणि मी दोन तास त्या पोराकडून धडे घेत बसलो.

मंडळी, मी इतिहासाचा मास्तर. पस्तीस वर्षे शाळेत सनावळ्या शिकवल्या. निवृत्तीला आता बरीच वर्षे झाली, पण एखादी वस्तू दिसली की ती कधी झाली, कोणी केली, का केली, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. मिरजेला परत आल्यावर त्या चार तारांचा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागले ते आज सांगतो. शेवटी एक माझ्या घरचीही गोष्ट आहे. ती सांगावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला. पण इतिहासाच्या मास्तराने स्वतःचे तेवढे पान फाडून टाकणे बरे नव्हे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात तळाचा स्वर धरायचे काम पूर्वी 'डबल बेस'कडे असे. व्हायोलिनचा जणू आजोबाच. माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचे, मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यायचे. आणि एवढा देह असूनही आवाज मात्र बेताचा. बाजूला ढोल आणि पितळी वाद्ये सुरू झाली की त्याचा आवाज त्यांत बुडून जाई. १९३०च्या दशकात सिअॅटल शहरातल्या पॉल टटमार्क नावाच्या गृहस्थाने गिटारसारखे आडवे धरायचे, पडदे असलेले, विजेवर चालणारे बेस वाद्य करून विकायला काढले होते. पण काळाच्या पुढे असलेल्या माणसाचे जे होते तेच त्याचे झाले. थोडीशी वाद्ये खपली आणि लोक विसरून गेले.

मग आला लिओ फेंडर. जन्म १९०९चा, कॅलिफोर्नियातला. फुलरटन गावात त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. १९५१ साली त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणले. भरीव लाकडाची फळी, लांब मान, चार तारा आणि मानेवर धातूचे पडदे. डबल बेसवर पडदे नसतात, त्यामुळे नेमका स्वर अंदाजाने आणि सरावाने शोधावा लागतो. इथे पडद्याच्या मागे बोट ठेवले की स्वर अचूक येणारच. म्हणून नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा. तारेची लांबी त्याने ३४ इंच धरली. आज सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जगातली बहुतेक बेस गिटारे त्याच मापाने बनतात. नातवाचेही ३४ इंचच निघाले, मी टेप लावून मोजले!

आता यातली मौज अशी, की या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. वादकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि वस्तू सुधारत जायचे, हाच त्याचा रियाज. हे वाचले आणि मला आमच्या गावची आठवण झाली. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही कला सुरू केली ती कोणी गवयांनी नव्हे, शिकलगारांनी. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रे उजळणारे कारागीर. इंग्रजी अमलात हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांसारख्या कसबी माणसाने तंबोरे दुरुस्त करायला घेतले आणि त्यातून पुढे सारी गल्ली उभी राहिली. एकीकडे रेडिओ दुरुस्त करणारा, दुसरीकडे तलवारी घासणारा. दोघांचेही हात धातूवर बसलेले, आणि कान दुसऱ्याचे म्हणणे ऐकण्यासाठी उघडे.

पण नुसते वाद्य करून भागत नाही, हे फेंडरच्या लवकरच लक्षात आले. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपने होतात. आपल्या काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा. म्हणजे ही तार खर्जाच्याही पुष्कळ खाली. तंबोऱ्याला निदान भोपळा आहे. या फळीला पोकळीच नाही, त्यामुळे विजेशिवाय ती जवळजवळ मुकी. आणि इतका खालचा स्वर हवेत ढकलायचा तर मोठा स्पीकर आणि भरपूर ताकद लागते. म्हणून फेंडरने १९५२ साली 'बेसमन' नावाचा खास बेससाठीचा ॲम्प्लिफायर काढला, त्यात १५ इंची स्पीकर बसवला. (गंमत अशी की पुढे साध्या गिटारवाल्यांनाच हा इतका आवडला, की लंडनच्या जिम मार्शलने १९६०च्या दशकाच्या आरंभी आपला प्रसिद्ध ॲम्प्लिफायर केला तो याच्याच धर्तीवर.) अँपेग नावाच्या कंपनीने १९६९ साली तर ३०० वॅटचे धूड काढले. मोठाल्या मैदानांत वाजवायचे तर तेवढे हवेच होते.

ही वाद्य आणि स्पीकरची जोडगोळी ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता त्या डब्यांकडे येतो. नातवाच्या फळीवर एक डबी आहे तिचे नाव 'फझ'. ती दाबली की स्वच्छ आवाज एकदम फाटका, खरखरीत होतो. मी म्हटले, "अरे, चांगला आवाज बिघडवायला पैसे कशाला मोजायचे?" तो म्हणाला, "आजोबा, याची गोष्ट तुम्हाला आवडेल." आणि खरेच आवडली.

अमेरिकेत नॅशव्हिल शहरात १९६०च्या अखेरीस मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांचे बेस वाजवत होता. मध्येच यंत्रातला एक भाग बिघडला आणि बेसचा आवाज फुटून मधमाश्या घोंगावल्यासारखा येऊ लागला. दुसरे कोणी असते तर पुन्हा घेतले असते. पण त्या मंडळींनी ते तसेच ठेवले. १९६१ साली रेकॉर्ड निघाली आणि गाजली. लोक विचारू लागले, हा आवाज काढला कसा? ग्लेन स्नॉडी नावाच्या ध्वनिमुद्रकाने मग तो बिघाड मुद्दाम करणारे छोटे यंत्र तयार केले. ते गिब्सन कंपनीने घेतले आणि १९६२ साली 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने पायाने दाबायची डबी म्हणून बाजारात आणले. आधी फारसे कोणी विचारले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या गाण्यात तो आवाज आला आणि मग दुकाने रिकामी झाली. त्याच वर्षी बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनेही एका गाण्यात आपले बेस असेच खरखरीत करून वाजवले.

म्हणजे आज जगभर पोरे ज्या आवाजासाठी पैसे साठवतात तो जन्मला एका नादुरुस्त यंत्रातून, आणि तोही बेसच्या तारेवर.

मला यात फारसे नवल वाटले नाही, कारण आमच्याकडे हे फार आधीपासून चालत आले आहे. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते, तिच्याखाली एक बारीक दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला की तार सपक वाजायची थांबते आणि झणझणू लागते, एका स्वरातून अनेक स्वर उमटू लागतात. ही जवारी. काटेकोर बघितले तर तार घोडीला घासते, म्हणजे दोषच की तो! पण त्या दोषाशिवाय तंबोरा जिवंत होत नाही. नातवाला हे सांगितले तर म्हणाला, "म्हणजे दोरा हे तुमचं पेडल." मी म्हटले, "हो, पण आमचे पेडल फुकट मिळते."

बाकीच्या डब्याही त्याने समजावून सांगितल्या. एक सूर जुळवायची. एक 'कॉम्प्रेसर', म्हणजे जोराचा आघात थोडा दाबायचा, हळूचा थोडा उचलायचा, वर्गातल्या दंगेखोर आणि बुजऱ्या पोरांना एका पातळीवर आणणाऱ्या मास्तरासारखे! एक 'ऑक्टेव्ह', जी वाजवलेल्या स्वराखाली खालच्या सप्तकातला तोच स्वर जोडते. पण त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार मोलाची वाटली. यातल्या पुष्कळ डब्या मुळात गिटारसाठी केलेल्या. बेस त्यांच्यातून नेले तर आवाज रंगतो खरा, पण तळ नाहीसा होतो. म्हणून शहाणा बेसवाला आवाजाचे दोन भाग करतो. एक डबीतून नेऊन रंगवतो, दुसरा तसाच कोरा, स्वच्छ पुढे पाठवतो, आणि शेवटी दोन्ही एकत्र करतो. "कितीही मजा केली ना आजोबा, तरी खालचा स्वर सोडायचा नाही. आपण सोडला तर सगळा बँड हवेत." एकोणीस वर्षांचा मुलगा हे बोलतो आहे!

हा खालचा स्वर धरणाऱ्यांची कथा मात्र फारशी सुखाची नाही. हे काम मुळात कोणाला नकोच असते. बीटल्समध्ये आधी स्टुअर्ट सटक्लिफ बेस वाजवायचा. १९६१ साली तो हँबर्गला बँड सोडून गेला, आणि दुसरे कोणी तयार नाही म्हणून ते मॅकार्टनीच्या गळ्यात पडले. त्याने तिथेच व्हायोलिनच्या आकाराचे स्वस्तातले हॉफनर बेस घेतले. तो डावखुरा, आणि त्या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. पुढे त्याने त्याच वाद्याचे सोने केले. १९७२ साली ते लंडनमध्ये चोरीला गेले. पन्नासहून अधिक वर्षांनी कुणाच्या तरी घराच्या माळ्यावर सापडले आणि २०२४च्या फेब्रुवारीत ते मालकाकडे परत आल्याचे जाहीर झाले.

सगळ्यांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी होती. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, मार्व्हिन गे, स्टीव्ही वंडर ही सगळी मोठी नावे तिथलीच. यांच्या असंख्य गाण्यांत तळाला बेस वाजवणारा एकच माणूस होता, जेम्स जेमर्सन. जन्म १९३६चा. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, तारा सहसा बदलायचा नाही, जुन्याच तारांत गोडवा असतो म्हणायचा. त्याच्या बोटावर अख्खी अमेरिका नाचली, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव नसे. कंपनी वादकांची नावे छापतच नसे. १९७१ साली मार्व्हिन गेच्या रेकॉर्डवर ती प्रथम आली. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमर्सनही मागोमाग गेला, पण तिथे त्याचा जम बसला नाही. दारू वाढली. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, त्याला तो तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता असे सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. वय अवघे ४७. त्याचे ते १९६२चे प्रिसिजन बेसही मृत्यूच्या थोडे आधी चोरीला गेले, ते मात्र सापडल्याचे वाचनात नाही. २००० साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या मानाच्या यादीत साथीदार वादकांसाठी वेगळा विभाग सुरू केला, तेव्हा पहिल्याच खेपेस त्याचे नाव घेतले. मरून सतरा वर्षे झाल्यावर!

आणि आपल्याकडे तरी काय निराळे होते? राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत सत्तरच्या दशकात जे धडधडते बेस ऐकू येते, त्यात टोनी वाझ यांचा मोठा हात. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या वादकांनी दशकानुदशके तळ धरून ठेवला, पण पडद्यावर नाव यायचे ते संगीतकाराचे आणि फार तर सहायकांचे. आम्ही विविध भारती लावून बसायचो. निवेदक गायक सांगे, गीतकार सांगे, संगीतकार सांगे. बेसवाला कोण, हे त्याने कधी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. आता दिवस थोडे बदलले आहेत. मुंबईची मोहिनी डे ही मुलगी ए. आर. रहमान यांच्याबरोबर बेस वाजवत असे आणि लोक तिचे नाव घेऊन तिला ऐकायला जातात. बरे वाटते.

आता घरची गोष्ट.

१९९४ साल. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. चार मित्रांनी मिळून बँड काढायचे ठरवले. दोघांना गिटार हवी, एकाला ड्रम. उरलेले बेस याच्या वाट्याला आले. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने कोल्हापूरहून एक जुने बेस आणले. खोलीत बसून तासन्‌तास काहीतरी करायचा. दाराबाहेर फक्त तारांची टकटक ऐकू यायची, कारण ते वाजवायला ॲम्प्लिफायर कुठे होता त्याच्याकडे? मग कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचा कार्यक्रम झाला. मी आणि ही, दोघे गेलो. गाणारा ऐकू आला, गिटारी ऐकू आल्या, ड्रम तर फारच ऐकू आला. आमचे चिरंजीव कोपऱ्यात मान खाली घालून बोटे हलवत होते, आणि त्यांच्या वाद्यातून मला काही म्हणता काही ऐकू आले नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, "तुझे वाद्य तर ऐकूसुद्धा आले नाही. जे ऐकूच येत नाही ते वाजवायचे कशाला?"

मी रागावलो नव्हतो. विनोदच केला असे मला वाटत होते. तो काही बोलला नाही. पुढे महिना-दोन महिन्यांत ते बेस घरातून गेले. विकून स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणली म्हणाला. मला बरेच वाटले. मुलगा मार्गी लागला. आज चांगल्या नोकरीत आहे. त्या बेसचा विषय तीस वर्षांत घरात कधी निघाला नाही.

त्या दुपारी नातू मला स्पीकरचे शास्त्र समजावत होता. म्हणाला, "बेसला स्वतःचा ॲम्प लागतोच आजोबा. पूर्वी गॅदरिंगला ते पत्र्याचे भोंगे लावायचे ना, कर्ण्यासारखे, त्यांत सेकंदाला तीनशे कंपनांच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. माणसाचं बोलणं कळावं म्हणून केलेले असतात ते."

मी गप्प झालो. बेसच्या चार मोकळ्या तारा साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या. हे त्यानेच थोड्या वेळापूर्वी सांगितले होते. आमच्या कॉलेजच्या मैदानावर १९९४ साली दोन बांबूंवर दोन भोंगे होते, आणि मुलाने आपले बेस गाण्याच्याच ॲम्प्लिफायरला जोडले होते. म्हणजे पोराने त्या संध्याकाळी जे काही वाजवले त्याचा मूळ स्वर भोंग्यातून बाहेर पडणे शक्यच नव्हते. मी ऐकले नाही ते तो वाजवत नव्हता म्हणून नव्हे. आणि मी इतिहासाचा मास्तर! पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे, हे दर वर्षी नववीच्या वर्गाला बजावून सांगणारा!

"तुला हे सगळे शिकवले कोणी?" मी विचारले.

"पेडल्सचं मित्रांनी. पण बेस धरायचं कसं, पहिलं बोट कुठे ठेवायचं, ते बाबांनी शिकवलं." तो सहज म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

रात्री जेवणानंतर मुलगा गॅलरीत एकटा उभा होता, तेव्हा त्याच्याजवळ गेलो. भोंग्यांचा विषय काढला. मास्तरकीची सवय, म्हणून आधी कंपनांचे आकडे सांगितले आणि मग जे सांगायचे ते सांगितले. चुकलो म्हणालो. तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, खरं सांगू? त्या दिवशी मलाही ऐकू येत नव्हतं. अंदाजानेच वाजवत होतो." आणि हसला. मीही हसलो. पण झोप काही लवकर लागली नाही.

बऱ्याच उशिरा नातवाच्या खोलीतून वाजवण्याचा आवाज यायला लागला. अगदी हळू, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये इतका. मधूनच थांबायचा, कोणीतरी काहीतरी बोलायचे, आणि पुन्हा सुरू व्हायचा. दोन माणसे होती, हे बोलण्यावरून कळत होते. माझ्या उशाशी स्टुलावर स्टीलचे तांब्या-भांडे होते. एक विशिष्ट स्वर आला की ते भांडे बारीक थरथरायचे. मी उठून ते हलवले नाही.

असो. वाचकांना एकच विनंती. आज रात्री आपल्या आवडीचे एखादे जुने गाणे लावा, जमल्यास बऱ्या स्पीकरवर, आणि एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त तळाकडे कान द्या. तिथे कोणीतरी आहे. त्याचे नाव आपल्याला बहुधा माहीत नसेल. पण त्याने काय केले आहे, ते पुरते ऐका.